ऐनवेळचा विषय म्हणून राज्यघटना

दिवाळीनंतरच्या मासिक बैठकीत आमच्या मंडळात या खेपेस अनपेक्षित वाद रंगला. अमेरिकेत टेक्सस राज्यात वीस-बावीस वर्षांपासून स्थायिक झालेला आमचा पुतण्या इंदूरला आला होता. 'परदेशस्थांशी गप्पा' असा साधाच विषय पाटीवर लिहिला होता. परंतु त्याने प्रवासवर्णन बाजूला ठेवून तिकडे चाललेल्या घटना-परिषदेच्या चळवळीची माहिती दिली आणि समारोपास म्हणाला, "काका, केंद्राला वठणीवर आणण्याचा राज्यांच्या हाती हा एकच सनदशीर मार्ग आहे. आपल्याकडेही तो हवा." टाळ्या पडल्या. लेकीकडे मुक्कामास आलेले बेळगावचे एक वयोवृद्ध सद्गृहस्थ गहिवरून म्हणाले, "अहो, तशी सोय इथे असती तर आमचा सीमाप्रश्न केव्हाच सुटला असता."

त्या टाळ्यांत आमच्या टाळ्या नव्हत्या. पाहुण्याचा आणि वडीलधाऱ्यांचा मान राखून आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. परंतु मौन म्हणजे संमती असा समज होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पाचव्या कलमात दुरुस्ती सुचविण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी दुरुस्ती सुचवावी, हा पहिला. दोन तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी अर्ज केल्यास काँग्रेसने दुरुस्त्या सुचविण्यासाठी परिषद बोलवावी, हा दुसरा. आजच्या हिशेबाने हे अर्ज ३४ राज्यांचे लागतात. सूचना कोणत्याही मार्गाने आली तरी तीन चतुर्थांश, म्हणजे ३८ राज्यांच्या अनुसमर्थनाशिवाय ती घटनेत जात नाही. आजवर झालेल्या सर्व २७ दुरुस्त्या पहिल्या मार्गाने सुचविल्या गेल्या. दुसऱ्या मार्गाने सव्वादोनशेहून अधिक वर्षांत एकदाही कोणी गेलेले नाही.

आता पूर्वपक्ष. तो दुबळा नाही, आणि त्याला दुबळा करून मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५ सप्टेंबर १७८७ रोजी, फिलाडेल्फियाचे अधिवेशन संपण्यास दोन दिवस उरले असता, व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी हरकत घेतली. दुरुस्तीचे दोन्ही मार्ग शेवटी काँग्रेसच्याच मर्जीवर ठेवले, तर सरकार जुलमी झाल्यावर लोकांना हवी ती दुरुस्ती कधीच मिळणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्याच्या अंगावर चाबूक उगारायचा, त्याच्याच हाती चाबूक कसा ठेवावा? राज्यांच्या अर्जावरून परिषद बोलावण्याची तरतूद त्या हरकतीतून आली.

मेसन यांची शंका आजही खोटी ठरलेली नाही. काँग्रेसच्या सदस्यांनी किती वेळा निवडून यावे याला राज्यांना मर्यादा घालता येणार नाही, त्यासाठी घटनाच बदलावी लागेल, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. आपल्याच खुर्चीची मुदत कापणारी दुरुस्ती खुर्चीवरचे लोक सुचवतील काय? तीच गोष्ट कर्जाची. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेच्या संघ सरकारचे कर्ज ३६ लाख कोटी डॉलरच्या वर गेले होते. खर्च करणारेच खर्चाला लगाम घालतील, अशी आशा कोणी धरावी? केंद्राची सत्ता, अंदाजपत्रक आणि पदांची मुदत या तीन बाबींसाठी परिषद मागणारा अर्ज २०२२ पर्यंत १९ राज्यांनी केला होता. टेक्ससने तो २०१७ मध्येच केला. आमचा पुतण्या हवेत बोलत नव्हता.

ही मागणी एकाच पक्षाची आहे असेही नाही. निवडणुकांतील पैशावर बंधन यावे म्हणून कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१४ साली, आणि बंदुकांवर नियंत्रण यावे म्हणून २०२३ साली परिषदेची मागणी केली. विरोधही दोन्हीकडून आहे. 'कॉमन कॉज'सारखी उदारमतवादी संस्था आणि 'जॉन बर्च सोसायटी'सारखी कडवी उजवी संस्था, ज्यांचे एरवी एका वाक्यावर एकमत व्हायचे नाही, त्या या एका बाबतीत परिषदेच्या विरुद्ध उभ्या आहेत. म्हणून हा प्रश्न डाव्या-उजव्याच्या तागडीत घालून चालत नाही. तो कार्यपद्धतीचा आहे, आणि शासकीय सेवेत आमची हयात कार्यपद्धतीतच गेली.

बैठक कोणतीही असो, ग्रामसभेची वा मंत्रालयातील, तिच्याविषयी काही प्रश्न आधीच विचारावे लागतात. निमंत्रण कोणाला? मत कोणाला? गणपूर्ती किती? विषयपत्रिकेवर काय आहे, आणि तिच्याबाहेरचे काही निघाल्यास ते रोखण्याचा अधिकार कोणाचा? पाचव्या कलमात परिषदेविषयी यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. प्रतिनिधी कोणी निवडायचे, किती निवडायचे, मते राज्यागणिक एक की लोकसंख्येनुसार, सूचना साध्या बहुमताने संमत होणार की विशेष, परिषद किती दिवस चालणार, यांबाबत एक अक्षर नाही. जेम्स मॅडिसन यांनी त्याच दिवशी परिषदेचे स्वरूप, गणपूर्ती इत्यादींबाबत अडचणी उद्भवतील असे बोलून दाखविले होते. अडचण नोंदली गेली. उत्तर राहून गेले, ते आजतागायत.

उत्तर देण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. उत्तर कॅरोलिनाचे सिनेटर सॅम अर्विन यांनी अशा परिषदेच्या कार्यपद्धतीचे विधेयक मांडले आणि १९७१ मध्ये सिनेटने ते एकही विरोधी मत न पडता संमत केले. प्रतिनिधिगृहाने त्याला हात लावला नाही. तेव्हापासून आजपर्यंत असा कायदा झालेला नाही. अर्ज मोजायचे कसे, हेसुद्धा अनिर्णीतच. वेगवेगळ्या काळांतील आणि वेगवेगळ्या विषयांवरील अर्जांची मोट बांधून 'संख्या केव्हाच पूर्ण झाली' असा दावा करणारेही तिकडे आहेत. समतोल अंदाजपत्रकासाठी १९८३ पर्यंत ३२ राज्यांनी अर्ज केले होते. पुढे अनेक राज्यांनी ते मागे घेतले. मागे घेतलेला अर्ज खरोखर मागे गेला काय, यावरही वाद. ज्या बैठकीचे निमंत्रणपत्र निघाले की नाही याविषयीच एकमत नाही, तीत देशाची राज्यघटना चर्चेस ठेवायची!

यावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक असे, की राज्ये परिषद नेमून दिलेल्या विषयापुरतीच मागत आहेत; परिषद त्याबाहेर जाणार नाही. इतिहास काय सांगतो? २१ फेब्रुवारी १७८७ रोजी तत्कालीन काँग्रेसने फिलाडेल्फियाच्या अधिवेशनास मान्यता दिली, ती जुन्या 'परिसंघाच्या कलमां'त सुधारणा करण्याच्या एकमेव हेतूने. ५५ प्रतिनिधी जमले. दारे बंद केली. बाहेर बोलायचे नाही असा नियम केला. मॅडिसन यांची टिपणे जनतेला वाचावयास मिळाली ती १८४० साली. चार महिन्यांनी ३९ जणांच्या सह्यांनिशी बाहेर आले ते नवे संविधान. जुनी कलमे मोडीत निघाली होती. जुन्या कलमांत बदल करण्यास तेराही राज्यांची संमती लागत होती. नव्या घटनेने नऊ राज्ये पुरेशी ठरविली. ऱ्होड आयलंडने तर एकही प्रतिनिधी पाठविला नव्हता. काही अभ्यासक म्हणतात, की राज्यांनी आपापल्या प्रतिनिधींना दिलेली अधिकारपत्रे याहून व्यापक होती. ते मान्य केले तरी बैठकीस बसलेल्यांनी संमतीची अट स्वतःच सैल केली, ही गोष्ट उरतेच. निष्पन्न झालेली घटना थोर होती, हे आम्हीही मानतो. परंतु फळ गोड निघाले म्हणून दुसऱ्याच्या कुंपणावरून उडी मारण्याची पद्धत योग्य ठरत नाही. आणि पुढल्या खेपेसही मॅडिसनच जमतील, अशी हमी कोणी द्यावी?

इंडियानासारख्या राज्याने २०१३ साली कायदा करून, सूचनेबाहेर मत देणाऱ्या आपल्या प्रतिनिधीचे मत रद्द समजण्याची तरतूद केली आहे. हेतू चांगला. परंतु एका राज्याचा कायदा सर्व राष्ट्राच्या परिषदेवर बंधनकारक कसा होणार, आणि निवाडा कोण करणार? घटनादुरुस्तीच्या अनुसमर्थनासंबंधीचे काही वाद काँग्रेसनेच सोडवावयाचे राजकीय प्रश्न आहेत, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३९ साली म्हटलेले आहे. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेले वॉरन बर्गर यांनी १९८८ मध्ये एका पत्रात लिहिले, की अशा परिषदेला मर्यादा घालण्याचा परिणामकारक मार्ग नाही. बर्गर काही भडक डोक्याचे गृहस्थ नव्हते.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे: परिषदेने काहीही सुचविले तरी ३८ राज्ये मान्यता देतील तेव्हाच ते घटनेत जाईल, १३ राज्यांनी नकार दिला की संपले. मान्य. हे कुंपण खरोखर भक्कम आहे. परंतु अनुसमर्थन विधिमंडळांकडून घ्यायचे की राज्या-राज्यांत खास भरविलेल्या अधिवेशनांकडून, हे ठरविण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे. १९३३ साली दारूबंदी उठविणारी दुरुस्ती अशा अधिवेशनांमार्फत दहा महिन्यांच्या आत पार पडली. शिवाय कुंपण भक्कम आहे म्हणून अंगणात वणवा पेटवावा, हा कुठला न्याय? परिषद भरून विस्कटली तरी ती काही काळ राष्ट्राच्या मूलभूत हक्कांना 'विचाराधीन' करून ठेवील. विचाराधीन फाइलीत अडकलेल्या माणसाची अवस्था आम्ही टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेली आहे.

आता आमच्या मुख्य आक्षेपाकडे येतो. या परिषदेस 'लोकांचा आवाज' म्हटले जाते. तो कोणत्या लोकांचा? परिषदेचे पुरस्कर्ते राज्यागणिक एक मत हीच परंपरा मानतात. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगची लोकसंख्या ५ लाख ७७ हजारांच्या आसपास. कॅलिफोर्नियाची ३ कोटी ९५ लाखांवर. दोघांचे मत सारखे. सर्वांत लहान १३ राज्यांची लोकसंख्या देशाच्या जेमतेम साडेचार टक्के भरते. लहान राज्यांना संरक्षण हवे, हे आम्हांस समजते. परंतु यात राज्याला संरक्षण मिळते. राज्यातील अल्पसंख्याला नव्हे. आणि ज्याला राज्यच नाही त्याचे काय? राजधानी वॉशिंग्टनमध्ये सुमारे ७ लाख आणि पोर्तो रिकोत सुमारे ३३ लाख माणसे राहतात. ती अमेरिकेची नागरिक आहेत, पण पाचव्या कलमात त्यांना स्थान नाही. त्यांच्या हक्कांवर चर्चा होईल तेव्हा त्यांच्यासाठी खुर्ची मांडलेली नसेल.

इतिहासातील एक प्रकरण बोलके आहे. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की राज्यांच्या विधिमंडळांची दोन्ही सभागृहे लोकसंख्येच्या प्रमाणात असली पाहिजेत. तोवर अनेक राज्यांत विरळ वस्तीच्या ग्रामीण मतदारसंघांना भरमसाट जागा होत्या आणि शहरांतील माणसाच्या मताचे मोल त्यामानाने नगण्य होते. या निर्णयाविरुद्ध सिनेटर एव्हरेट डर्कसन यांनी परिषदेची मोहीम उघडली आणि १९६९ पर्यंत ३३ राज्यांचे अर्ज गोळा झाले. एक कमी पडला. यांतील कित्येक अर्ज कोणी केले होते? ज्यांची स्वतःची रचनाच न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली होती, त्याच विधिमंडळांनी! आपली विषम खुर्ची वाचविण्यासाठी घटना बदलू पाहणाऱ्यांच्या ठरावाला 'लोकांचा आवाज' म्हणावयाचे असेल, तर शब्दांना काही अर्थच उरत नाही.

येथे आम्हांस घरचे उदाहरण आठवते. काही वर्षांपूर्वी एका जुन्या मराठी संस्थेची वार्षिक सभा वर्गणी वाढविण्यासाठी बोलाविली होती. संस्थेचे नाव आम्ही घेत नाही. ती मंडळीही आपलीच. पावसाचे दिवस. वृद्ध सभासद आलेच नाहीत. विषयपत्रिकेवरील शेवटचे कलम आपल्या परिचयाचे: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.' त्या कलमाखाली संस्थेची घटना दुरुस्त झाली आणि वाचनालयाची जागा भाड्याने देण्याचा अधिकार कार्यकारिणीकडे गेला. आम्ही सभेस हजर होतो. उभे राहून हरकत घेतली. उत्तर मिळाले, "सभा सार्वभौम आहे." पुढे तक्रारी, सुनावण्या, तारखा यांत वर्षे गेली. पुस्तके गोणपाटात बांधलेली होती. सोडली तेव्हा त्यांतील कित्येकांना वाळवी लागली होती. त्या सभेतील कोणी दुष्ट नव्हते. त्यांना पैशाची खरीच निकड होती. परंतु नियम नसलेली सार्वभौम सभा अनुपस्थितांच्या मालमत्तेचे काय करते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

अनुपस्थित हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आपण सर्वच राज्यांच्या बैठकीतील अनुपस्थित आहोत. बेळगावच्या त्या सद्गृहस्थांना आम्ही आदरपूर्वक विचारतो: भारतात उद्या अशी परिषद भरली आणि राज्यागणिक मत घेतले, तर तुमच्या वतीने कोण बोलेल? कर्नाटकच्या खुर्चीवरचा तुमचे म्हणणे मांडणार नाही. महाराष्ट्राच्या खुर्चीवरच्याचे मत २८ पैकी एक. उरलेली राज्ये सीमा हलविण्याचा पायंडा पाडण्यास तयार होतील काय, जेव्हा प्रत्येकाच्या अंगणाला कुठली ना कुठली सीमा आहे? इंदूर-ग्वाल्हेरचे मराठी, वडोदऱ्याचे मराठी, हैदराबादचे मराठी यांच्यासाठी त्या सभागृहात एकही खुर्ची नसेल. सीमाप्रश्न आज सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्राने २००४ साली दावा दाखल केला. दोन दशके होऊन गेली तरी तो रेंगाळला आहे, ही वेदना खरी. परंतु न्यायालयात निदान एका माणसाचेही म्हणणे ऐकून घ्यावे लागते. परिषदेत फक्त हात मोजतात.

आमची व्यवस्था निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ३६८ व्या कलमानुसार घटनादुरुस्तीचा आरंभ संसदेतच होतो. काही बाबींत निम्म्या राज्यांचे अनुसमर्थन लागते, पण पुढाकार राज्यांचा नाही. तिसऱ्या कलमानुसार राज्याच्या सीमा बदलताना त्याच्या विधिमंडळाचे मत विचारले जाते, पण ते बंधनकारक नाही. आमच्या वडिलांनी ज्या मध्यभारत राज्याची नोकरी केली, ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी नकाशावरून नाहीसे झाले. २००० साली मध्यप्रदेशाचे विभाजन झाले तेव्हा सहकाऱ्यांची नावे दोन याद्यांत वाटली जाताना आम्ही पाहिली. २०१४ च्या जानेवारीत आंध्रप्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले आणि फेब्रुवारीत संसदेने ते संमत केले, हे हैदराबादकर वाचकांस सांगावयास नको. तक्रारीस जागा भरपूर आहे.

तरीही आमची घटना ज्या सभेने घडविली, तिची रीत आठवावी. ९ डिसेंबर १९४६ रोजी ती प्रथम बसली आणि त्याच महिन्यात तिने आपल्या कामकाजाचे नियम संमत केले. मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याकांचे प्रश्न यांसाठी स्वतंत्र सल्लागार समिती नेमली. मग जवळजवळ तीन वर्षे वाद घातला. आधी नियम, मग मजकूर. भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क देणारे २९ वे कलम त्या क्रमातून आले. पुढे १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी यांची तरतूद झाली. ती कलमे कितीही दुर्लक्षित असली, तरी ती आपली खुर्ची आहे. ती अंगणात काढून ठेवा आणि पाहू पुढे, असे म्हणणाऱ्याला आम्ही टाळ्या देणार नाही.

मग मेसन यांची तरतूद निरुपयोगी समजावी काय? मुळीच नाही. १७८८-८९ मध्ये व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क यांनी दुसऱ्या परिषदेची मागणी केली. ती हवा काढून घेण्याची निकड, हे मॅडिसन यांनी जून १७८९ मध्ये मूलभूत हक्कांच्या दुरुस्त्या काँग्रेसपुढे मांडण्याचे एक कारण होते. सिनेटर थेट जनतेने निवडावेत यासाठी राज्यांचे अर्ज आवश्यक संख्येच्या जवळ पोहोचले, तेव्हा वर्षानुवर्षे अडून बसलेल्या सिनेटनेही मान तुकविली. काँग्रेसने १९१२ मध्ये दुरुस्ती सुचविली आणि १९१३ मध्ये ती अमलात आली. म्यानातील तलवारीने दोनदा मोठे काम केले आहे. ती उपसण्याची घाई झालेल्यांना आमचे एवढेच म्हणणे आहे: आधी अर्विन यांचे अर्धवट राहिलेले काम पुरे करा. मते कशी मोजायची, विषय कसा बांधायचा, वाद कोणी मिटवायचा, आणि ज्यांना राज्य नाही त्यांचे म्हणणे कोणी ऐकायचे, हे कायद्याने ठरवा. तोवर परिषद नको.

आणि आपल्या मंडळींना आमची विनंती अशी, की दुसऱ्याच्या घरचे हत्यार मागण्यापूर्वी आपल्या घरची साधने घासून पाहावीत. भाषिक अल्पसंख्याकांच्या अधिकाऱ्याचे अहवाल संसदेपुढे ठेवावेत असे ३५० (ख) कलम सांगते. त्यांवर सभागृहात चर्चा व्हावी म्हणून आपापल्या खासदारास पत्र लिहावे. आपल्या गावातील मराठी शाळेचा एक वर्ग जरी बंद पडत असला, तरी ३५० (क) कलमाचा हवाला देऊन अर्ज करावा, पोच घ्यावी आणि पोच जपून ठेवावी. अशा अर्जांना टाळ्या पडत नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे.

पुतण्या परत गेला. विमानतळावर निघताना म्हणाला, "काका, तुम्ही त्या दिवशी काहीच बोलला नाहीत." आम्ही म्हटले, "विषयपत्रिकेवर नव्हते, बाळ." तो हसला. हा अंक आम्ही त्याला पाठवीत आहोत. त्याने उत्तर लिहावे. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर आम्ही ते रीतसर ठेवू.